थेंबाचा माग

पहाटेचे चार वाजलेले असतात. पश्चिम रेल्वेवरील बोईसर स्थानकाबाहेर अजून काळोख असतो. परंतु गावाची चाके मात्र केव्हाच जागी झालेली असतात. सातपाटीच्या बंदरावरून बर्फात ठेवलेली मासळी निघते. डहाणू-घोलवडच्या वाड्यांतून चिकूच्या पेट्या निघतात. तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांतून कापडाचे गठ्ठे आणि रसायनांचे पिंप बाहेर पडतात. हा सारा माल वाहून नेणाऱ्या वाहनांत एका लहानशा, पण मोठ्या कष्टाळू वाहनाचा वाटा फार मोठा आहे. पुढे चालकाची केबिन आणि मागे माल ठेवण्याचा उघडा हौदा असलेले हे वाहन म्हणजे पिकअप होय. जेथे मोठा ट्रक वळू शकत नाही अशा वाडीच्या अरुंद वाटेवर पिकअप सहज जाते आणि त्याच दिवशी महामार्गाने मुंबईचा बाजारही गाठते.

अशीच एक पिकअप एके सकाळी जागेवरून हलली, तेव्हा तिच्या खालच्या जमिनीवर एक काळा डाग दिसला. डाग रुपयाच्या नाण्याएवढाच होता. दुसऱ्या दिवशी तो बशीएवढा झाला. चालकाने वाकून पाहिले. इंजिन आणि गिअरपेटी जेथे जोडलेली असतात, त्या जागेखाली तेलाचा एक थेंब लोंबत होता. तो पडला आणि त्याच्या जागी हळूहळू दुसरा जमू लागला.

थेंब तो केवढा! परंतु त्या थेंबामागे चालकाची सारी चिंता उभी राहिली. गाडी कर्जाऊ घेतलेली होती. दर महिन्याचा हप्ता तिच्याच कमाईतून जात होता. तेल गळून इंजिन बिघडले, तर दुरुस्तीला काही आठवड्यांची कमाई जाणार आणि तितके दिवस गाडी उभी राहणार, हे तो जाणून होता. म्हणून त्याने माल उतरवताच गाडी बोईसरच्या एका मिस्त्रीकडे नेली. तो थेंब कोठून येत होता आणि तो कसा थांबला, हे समजून घेण्यापूर्वी इंजिनात तेल कशासाठी असते हे पाहिले पाहिजे.

वंगणाचे महत्त्व आपल्या खेड्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बैलगाडीच्या आसाला वंगण घातले नाही, तर चाक करकरू लागते, आस झिजतो आणि बैलांना ओढ जड जाते. म्हणून शहाणा गाडीवान प्रवासाला निघताना वंगणाचे नळकांडे गाडीला बांधून घेई. दोन पदार्थ एकमेकांवर घासले की घर्षण होते. घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि पदार्थ झिजतात. त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असला, तर ते एकमेकांना न भिडता तेलावरून घसरतात. बैलगाडीच्या आसाला लागू पडणारा हा नियम मोटारीच्या इंजिनालाही जसाच्या तसा लागू पडतो.

यंत्र चालू असतानाच त्याला आपोआप वंगण कसे मिळावे, हा प्रश्न वाफेच्या यंत्रांच्या काळातच निर्माण झाला होता. इलायजा मॅकॉय हा कृष्णवर्णीय संशोधक अमेरिकेत रेल्वेच्या इंजिनावर कोळसा घालण्याचे व तेल देण्याचे काम करीत असे. त्याचे आईवडील गुलामगिरीतून निसटून कॅनडात गेले होते. तेल देण्यासाठी इंजिन वरचेवर थांबवावे लागते, हे त्याने पाहिले आणि यंत्र चालू असताना तेल पुरविणारे एक साधन तयार केले. 1872 साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. आजच्या मोटारींत हे काम तेलाचा पंप करतो.

पिकअपच्या डिझेल इंजिनात साधारणपणे पाच-सहा लिटर तेल असते. इंजिनाच्या तळाशी पन्हाळीसारखे एक भांडे असते. त्याला मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. चेंबरमधील तेल पंपाने वर खेचले जाते. ते प्रथम फिल्टरमधून गाळले जाते. मग इंजिनाच्या अंगातच कोरलेल्या वाटांनी ते क्रँकच्या बेअरिंगांकडे आणि वरच्या भागातील झडपांकडे जाते. काम झाले की ते आपल्याच भाराने पुन्हा चेंबरमध्ये उतरते. इंजिन मिनिटाला 2400 फेरे घेत असेल, तर क्रँक एका सेकंदात 40 वेळा फिरतो. एवढ्या वेगात लोखंडाला लोखंडापासून दूर ठेवणारा तेलाचा थर केसाहूनही पातळ असतो. तो तुटला की बेअरिंग तापते, त्याचा मऊ धातू वितळू लागतो आणि अखेर इंजिन जाम होऊन बसते. याशिवाय तेल इंजिनाची उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचे कण आपल्याबरोबर घेऊन जाते आणि आतील भागांना गंजू देत नाही. म्हणूनच तेलाला इंजिनाचे रक्त म्हटले, तर ते चुकीचे ठरणार नाही.

हे सारे तेल इंजिनाच्या अंगातच फिरत राहिले असते, तर गळतीचा प्रश्न पुष्कळच सोपा झाला असता. परंतु काही तेलाला अंगाबाहेर पडून नळीवाटे दूरच्या भागांकडे जावे लागते. काही गाड्यांत ते थंड होण्यासाठी कूलरकडे जाते. काही डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणाऱ्या निर्वात पंपाकडे एक बारीक नळी जाते. इंजिनात जोराने हवा कोंबणारा टर्बो असेल, तर त्याच्याकडेही एक नळी जाते. टर्बोचा आस मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. त्याला काही क्षणही तेल मिळाले नाही, तर तो खराब होतो. टर्बोकडे तेल नेणारी नळी बारीक असते आणि तिच्यात पंपाचा दाब असतो. तेथून तेल परत आणणारी नळी रुंद असते आणि तिच्यात दाब नसतो; तेल केवळ उतारामुळे खाली येते. हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. दाबाच्या नळीला लहानसे छिद्र पडले, तरी थोड्याच वेळात चेंबर रिकामे होऊ शकते. परतीची नळी झिरपली, तर तेल मंदपणे पाझरते.

नळ्या गळू लागण्याची कारणेही अनेक आहेत. डिझेल इंजिनाला मोठा हादरा असतो. त्या हादऱ्याने सांधे सैल होतात. इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होते आणि त्याला चिरा पडतात. नळी एखाद्या लोखंडी पट्टीला टेकली असेल, तर ती रोज थोडीथोडी घासून पातळ होते. बोईसर, तारापूर, चिंचणी हा सारा प्रदेश समुद्रालगतचा आहे. तेथील दमट, खारट हवेने पोलादी नळ्यांना गंज लवकर चढतो. मासळीच्या पेट्यांतून ठिबकणारे खारे पाणी त्यात भर घालते. कधी दोष नळीचा नसून माणसाच्या हाताचा असतो. सांधा गरजेपेक्षा जास्त आवळला, तर त्याचे आटे मोडतात. कमी आवळला, तर तो सुटतो.

मिस्त्रीने गाडी सपाट जागेवर उभी केली आणि इंजिन बंद करून काही मिनिटे थांबला. मग त्याने तेल मोजण्याची दांडी बाहेर काढली, ती पुसून पुन्हा आत घातली आणि पुन्हा काढून पाहिली. दांडीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये असावे लागते. येथे ते खालच्या खुणेला टेकले होते. त्याने प्रथम खालच्या खुणेच्या बरेच वर येईल इतके तेल घातले. अपुऱ्या तेलावर इंजिन चालवून गळती शोधणे म्हणजे रोग शोधताना रोगी गमावण्यासारखे आहे.

त्याचा शिकाऊ मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. तो गाडीखाली डोकावून म्हणाला, “काका, थेंब गिअरपेटीच्या सांध्यावर आहे. म्हणजे क्रँकचे मागचे सील गेले. गिअरपेटी उतरवावी लागेल.”

हे ऐकून चालकाचा चेहरा उतरला. गिअरपेटी उतरवणे म्हणजे दिवसभराचे काम आणि मोठा खर्च. मिस्त्री मात्र हसून म्हणाला, “थेंब पडतो तेथे तेल असते, हे खरे, पण ते तेथूनच निघाले, हे कशावरून? घराच्या छपराला भोक एका जागी असते आणि पाणी वाशावरून ओघळून भलत्याच ठिकाणी टपकते. आधी माग काढू.”

माग काढण्यापूर्वी गळणारा द्रव कोणता, हे ओळखावे लागते. गाडीखाली ओलावा दिसला की तो इंजिनाच्या तेलाचाच असेल असे नाही. मिस्त्रीने पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा थेंबाखाली धरला. डिझेल इंजिनाचे तेल काजळीमुळे काळे होते आणि बोटांना चिकट, निसरडे लागते. गिअरचे तेल अधिक दाट असते व त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. रेडिएटरमधील पाणी बहुधा हिरवट किंवा गुलाबी रंगाचे असते. डिझेल पातळ असते आणि त्याचा वास लपत नाही. पुठ्ठ्यावरचा डाग काळा होता. तो इंजिनाच्या तेलाचाच होता.

त्यानंतर त्याने थंड इंजिनाची सारी बाजू डिझेलमध्ये भिजविलेल्या फडक्याने पुसून स्वच्छ केली आणि नंतर कोरड्या फडक्याने ती कोरडी केली. शिकाऊ मुलाला हे काम वेळ दवडण्यासारखे वाटले. परंतु जुन्या तेलावर धूळ बसून इंजिनाची एक बाजू सगळीच काळी झाली होती. त्या काळेपणात नवे तेल दिसणार कसे? पाटी पुसल्याशिवाय तिच्यावरचे नवे अक्षर वाचता येत नाही. इंजिन कोरडे झाल्यावर संशयाच्या जागांवर मिस्त्रीने थोडी पांढरी पावडर भुरभुरविली. कोरड्या पावडरीवर ओलावा ताबडतोब उमटतो. मोठ्या कार्यशाळांत तेलात एक विशेष रंग मिसळतात आणि अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली तो चमकताना पाहतात. साधन निराळे असले, तरी युक्ती तीच आहे.

मग इंजिन सुरू केले. फिरणारा पंखा आणि पट्टे यांच्यापासून हात व कपडे दूर ठेवून मिस्त्री विजेरीच्या उजेडात वरपासून खालपर्यंत पाहू लागला. त्याचा नियम सोपा होता : सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला भाग शोधायचा. तेल उतारामुळे खाली येते आणि गाडी धावत असता वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून थेंब मागे व खाली पडत असला, तरी उगम पुढे व वर असण्याचा संभव अधिक असतो.

पाच मिनिटे गेली. दहा मिनिटे गेली. मागच्या सीलची जागा कोरडीच राहिली. इंजिन चांगले तापल्यावर टर्बोकडे जाणाऱ्या बारीक नळीच्या वरच्या सांध्याशी पांढऱ्या पावडरीवर एक करडी रेघ उमटली. ती नळीवरून हळूच खाली ओघळली, इंजिनाच्या कडेने मागे गेली आणि गिअरपेटीच्या सांध्याशी येऊन थांबली. तेथे एक थेंब लोंबू लागला. थेंबाचा सारा प्रवास डोळ्यांसमोर उलगडला. शिकाऊ मुलगा काही बोलला नाही. पण पुसण्याचे फडके त्याने आता अधिक आदराने उचलले.

तो थेंब सेकंदाला एक याप्रमाणे पडू लागला, तर काय होईल? एका मिलिलिटरमध्ये साधारण 20 ते 30 थेंब मावतात. तासात 3600 सेकंद असतात. म्हणजे तासाला 120 ते 180 मिलिलिटर तेल जाईल. आठ तासांच्या प्रवासात सुमारे एक ते दीड लिटर तेल रस्त्यावर सांडेल. याहून मोठे भय आगीचे असते. टर्बो व धूर बाहेर नेणारी नळी अतिशय तापलेली असते. तेल तिच्यावर उडाले, तर प्रथम धूर होतो आणि प्रसंगी ते पेटही घेते.

आता दुरुस्तीची वेळ आली. मिस्त्रीने इंजिन बंद करून ते थंड होऊ दिले. तापलेले तेल कातडी भाजते, हे तो जाणून होता. चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे लावले आणि गाडी उचलल्यावर तिच्याखाली भक्कम घोड्या ठेवल्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. जॅक निसटला, तर सावरायला वेळ मिळत नाही.

त्या सांध्यात एक पोकळ बोल्ट होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे दोन वॉशर होते. बोल्ट आवळला की मऊ तांबे किंचित दबते आणि बारीकसारीक खड्डे भरून काढते. त्यामुळे तेलाला वाट उरत नाही. परंतु एकदा दबलेले तांबे कठीण होते. तोच वॉशर पुन्हा वापरला, तर तो नीट दबत नाही. येथे नेमके हेच झाले होते. पूर्वी कोणीतरी नळी काढून जुनेच वॉशर परत बसविले होते. तांबे लाल होईपर्यंत तापविले, तर ते पुन्हा मऊ होते, ही युक्ती जुने कारागीर वापरतात. परंतु नवे वॉशर अल्प किमतीत मिळतात. म्हणून मिस्त्रीने नवेच घेतले.

वॉशर बदलला म्हणजे काम संपले, असे त्याने मानले नाही. “वॉशर ढिला का झाला?” त्याने मुलाला विचारले. मुलाने नळीवरून बोट फिरविले. मध्यभागी तिला आधार देणारी पट्टी होती. पण तिचा लहानसा बोल्ट गळून पडला होता. आधार सुटल्यामुळे नळी इंजिनाच्या प्रत्येक हादऱ्याबरोबर थरथरत होती आणि सांध्याला सतत हिसका बसत होता. शिवाय ती एका कडेला घासून तिच्यावर चकचकीत चरा पडला होता. चऱ्याच्या जागी नळी पातळ झाली होती. अशी नळी केव्हा फुटेल याचा नेम नसतो. म्हणून मिस्त्रीने नळीही बदलली आणि आधाराची पट्टी नव्या बोल्टने घट्ट बसविली. केवळ वॉशर बदलला असता, तर तो थोड्याच दिवसांत पुन्हा गळू लागला असता. दोष दूर करणे पुरेसे नसते. दोषाचे कारणही दूर करावे लागते.

“काका, वरून चिकट लांबी लावली असती तर?” चालकाने विचारले. पुष्कळांना हा सोपा उपाय वाटतो. परंतु दाबाच्या नळीवर वरून लावलेली लांबी टिकत नाही; तापलेले तेल तिला आतून ढकलून देते. सांध्याच्या आत ती जास्त लावली, तर तिचे तुकडे सुटून तेलाची बारीक वाटच बुजवू शकतात. मग बाहेरची गळती थांबते आणि आत टर्बो तेलावाचून मरतो. रबरी नळी बदलतानाही असाच विवेक लागतो. पाण्यासाठी केलेली रबरी नळी तेलाने फुगते आणि मऊ पडते. तेलाच्या वाटेवर तेल व उष्णता सोसणारीच नळी बसवावी लागते.

बोल्ट आवळताना मिस्त्रीने टॉर्क पाना घेतला. किती जोराने आवळायचे याचे माप गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि हा पाना तेवढ्याच जोराला खूण देतो. सर्व जागा पुन्हा कोरड्या पुसल्या. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे तेल योग्य खुणेपर्यंत भरले. इंजिन सुरू होताच समोरच्या फलकावरचा तेलाच्या चंबूच्या आकाराचा लाल दिवा काही क्षणांत विझला. हा दिवा तेलाचा दाब कमी झाल्याची सूचना देतो. वाटेत तो पेटला, तर “पुढच्या गावापर्यंत जाऊ” असा विचार न करता गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. शिवाय लहान गळतीत दिवा बराच काळ पेटत नाही. तो पेटतो तेव्हा तेल फार खाली गेलेले असते. म्हणून दिव्यावर विसंबून न राहता दांडी वेळोवेळी पाहावी लागते.

पंधरा मिनिटे इंजिन चालविले. सांधा कोरडा होता. मग गाडी काही अंतर चालवून आणली आणि पुन्हा पाहिले. तरीही मिस्त्री चालकाला म्हणाला, “भाऊ, आज रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. उद्या सकाळी तो मला दाखवा.”

नळ्या सोडवताना निघालेले काळे तेल मिस्त्रीने डब्यात जमा केले होते. त्यातले थोडेही त्याने गटारात ओतले नाही. वापरलेले तेल पाण्यात गेले की त्याचा पातळ तवंग दूरवर पसरतो आणि पाण्यातील जीवांना अपाय करतो. जमिनीत मुरले, तर ते विहिरीपर्यंतही पोहोचू शकते. पावसाळ्यात बोईसरच्या रस्त्यांवरून वाहणारे पाणी अखेर खाड्यांना आणि समुद्राला मिळते. ज्या समुद्रातून मासळी येते, तोच हा समुद्र. म्हणून आपल्या देशाच्या नियमांनी वापरलेले तेल घातक टाकाऊ पदार्थ मानले आहे. ते परवाना असलेल्यांकडेच द्यावे लागते. रस्त्यावर सांडलेले तेलही निरुपद्रवी नसते. पहिल्या पावसात ते पाण्याबरोबर निसरडे होते आणि दुचाकीस्वाराचा तोल जातो. म्हणजे एका गाडीची गळती ही केवळ तिच्या मालकाची बाब राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालकाने पुठ्ठा आणला. तो दोन्ही बाजूंनी कोरडा व स्वच्छ होता. मिस्त्रीने तो पाहिला आणि मुलाच्या हाती दिला. मुलाने त्याच्यावर तारीख घातली आणि तो गॅरेजच्या भिंतीला खिळ्याने अडकवून ठेवला. चालक गाडी घेऊन चिकूच्या पेट्या भरण्यासाठी घोलवडच्या वाटेला लागला.

लहानशा खुणेकडे दुर्लक्ष न करणे, घाईने निर्णय न घेणे, प्रथम स्वच्छ करून मग पाहणे, उगमापर्यंत माग काढणे आणि कारण नाहीसे करून काम पुन्हा तपासणे, ही चांगल्या कारागिराची रीत आहे. शास्त्रज्ञ आपल्या प्रयोगशाळेत आणि वैद्य रोग्याच्या उशाशी याच रीतीने वागतो. ती ज्याच्या हाती आली, त्याला जमिनीवर पडलेला एक थेंबही पुष्कळ काही सांगून जातो.

स्वाध्याय

1. इंजिनातील तेल कोणकोणती कामे करते?
2. गिअरपेटी उतरवावी लागेल असे शिकाऊ मुलाला का वाटले? त्याचे अनुमान कोठे चुकले?
3. कारणे द्या : (अ) मिस्त्रीने प्रथम इंजिन पुसून कोरडे केले. (आ) त्याने केवळ वॉशर बदलून काम थांबविले नाही.
4. एक थेंब दर दोन सेकंदांनी पडत असेल, तर आठ तासांत सुमारे किती तेल गळेल, ते काढा.
5. घरातील किंवा शाळेतील एखादा गळका नळ पाहा. पाणी कोठून गळते आणि ते का गळते, याचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.